मान आणि धन



‘पदवीनंतर कलेच्या व्यवसायात पदार्पण’ हा विषय चालकांनी माझ्याकडे पाठविला, तेव्हा पत्राचा पत्ता चुकला असावा असे मला वाटले. माझी हयात हमालांच्या आणि गोदाम कामगारांच्या संघटनेत गेली. शाळा लवकर सुटली. पुढे जे काही वाचले, ते वाचनालयाची वर्गणी भरून वाचले. कलेविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही, असे मी चालकांना कळविले. त्यावर त्यांचे उत्तर आले, “कलेवर बोलणारे पुष्कळ मिळतात. आम्हाला पोटावर बोलणारा हवा आहे.” पोट हा माझा विषय आहे. म्हणून मी आपल्यापुढे उभा राहिलो आहे.

प्रथम आपण कोणाविषयी बोलत आहोत ते ठरवू. कलावंत म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे नट आणि गायक येतात. परंतु पडद्यावर जो एक चेहरा दिसतो, त्याच्या पाठीमागे संवाद लिहिणारा, प्रकाश लावणारा, ध्वनी टिपणारा, चित्रफीत कापून जोडणारा, कपडे शिवणारा, रंगभूषा करणारा आणि जाहिरातीचे चित्र काढणारा असा मोठा ताफा राबत असतो. आता संगणकावर हलती चित्रे करणारे आणि परभाषेतील मालिकांना मराठी आवाज देणारेही त्यात आले. आपल्या आठ तालुक्यांतील पदवीधर मुले जी या व्यवसायात जातात, ती बहुतेक या ताफ्यात जातात. ही मुले कामगार आहेत. मला जे सांगावयाचे आहे, ते एवढ्या एका वाक्यात आले. पुढचा सारा वेळ मी हे वाक्य का उच्चारले, ते सांगण्यात घालविणार आहे.

धाराशिव हा पाऊस रुसणारा जिल्हा. येथे पदवी झाली की मुलाने स्पर्धा परीक्षेला बसावे, नाही तर पोलीस भरतीसाठी पहाटे धावावे, हे ठरलेले. अशा घरात एखादी मुलगी म्हणते, “मला चित्रपटाचे संकलन शिकायचे आहे,” आणि घर गप्प होते. मग वडील म्हणतात, “कलेने पोट भरत नाही.” तीच मुलगी महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात जाते, तेथे पाहुणे सांगतात, “कलावंताने पैशाकडे पाहू नये.” ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे आपल्याला वाटते. एक कलेला हिणविते, दुसरे तिला देव्हाऱ्यात बसविते. परंतु दोहोंचा हिशेब एकच निघतो. कला हे काम नव्हे, तेव्हा तिची मजुरी मागू नये, यावर दोघांचेही एकमत आहे. माझा विरोध दोघांनाही आहे.

या विचाराची मुळे जुनी आहेत. दादासाहेब फाळके जे. जे. कलाशाळेत शिकले, बडोद्याच्या कलाभवनात शिकले. १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. त्यासाठी विम्याची पॉलिसी गहाण पडली, घरातले दागिने गेले. सरस्वतीबाई फाळके यांनी अंधाऱ्या खोलीत बसून फिल्मला भोके पाडली, ती धुतली, आणि वर साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. हिंदुस्थानातील पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट उभा राहण्यात या बाईचे बिनपगारी श्रम मुरलेले आहेत. फाळके १९४४ साली नाशिकला वारले, तेव्हा हाताशी पैसा राहिला नव्हता. १९६९ साली त्यांच्या नावाने देशातला सर्वोच्च चित्रपट पुरस्कार सुरू झाला. मान मिळाला, धन मिळावयाच्या वेळी मिळाले नाही.

त्याच १९६९ साली अण्णा भाऊ साठे गेले. ‘फकिरा’सारखी कादंबरी लिहिणारा, ज्याच्या कथांवर चित्रपट निघाले असा हा लेखक अखेरपर्यंत ओढगस्तीत राहिला. पुढे पुतळे झाले, २००२ साली टपालाचे तिकीट निघाले. तिकिटाला किंमत होती. लिहिणाऱ्या हाताला ती किती मिळाली, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

याच्या उलट बाजूचेही एक उदाहरण आहे. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. तिच्या भागीदारांपैकी दामले आणि फत्तेलाल हे मुळात पडदे रंगविणारे कारागीर. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली आणि १९३६ साली तिने ‘संत तुकाराम’ काढला, जो दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. त्या काळच्या अशा कंपन्यांत नटापासून सुतारापर्यंत माणसे महिन्याच्या पगारावर असत. म्हणजे तो एक कारखाना होता आणि कारखान्यातून उत्तम कला निघत होती. पगार घेतल्याने कला आटते असे म्हणणाऱ्याने ‘संत तुकाराम’ पाहावा.

ही व्यवस्था मोडली. १९५३ साली प्रभात बंद पडली; तिच्याच जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. एकीकडे शिकविण्याची सोय झाली, दुसरीकडे शिकलेल्याला बारा महिने पगार देणारी कंपनी नाहीशी झाली. मासिक पगाराचे तुकडे होऊन रोजंदारी आली, रोजंदारीचे तुकडे होऊन एकेका कामाचे कंत्राट आले. गिरणगावात बदली कामगार म्हणून एक जात असे. तो रोज सकाळी फाटकापाशी उभा राही. कायम माणूस गैरहजर राहिला तर त्याला पाळी मिळे, नाही तर घरी परत. आजचा पदवीधर कलावंत हा बदली कामगार आहे. त्याचे फाटक आता खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि ते रात्री अकरालाही उघडते. एवढाच फरक झाला.

आता आमच्या कचेरीत घडलेली गोष्ट सांगतो. आडतीवर पोती वाहणारा आमचा एक सभासद आपल्या मुलीला घेऊन आला. मुलगी एम.ए. झालेली, घरातली पहिली पदवीधर. पुण्यात एका ठिकाणी आठ महिने चित्रफिती जोडण्याचे काम करीत होती. पहिले तीन महिने ‘शिकण्याचे’ म्हणून काही दिले नाही. पुढे खोलीचे भाडेही निघणार नाही एवढे दिले, तेही दोन महिने थकवून. कागद कसलाच नव्हता. शेवटी हाती प्रमाणपत्र दिले आणि दुसरी मुले घेतली. बापाने मला विचारले, “मी अंगठेबहाद्दर. पण माझ्या पोत्याला भाव आहे. तो ठरलेला आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. मग हिच्या एम.ए.ला भाव का नाही?”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर होते, आणि ते मी त्याला दिले. तुझ्या पोत्याला भाव आला, तो आपोआप आला नाही. त्यासाठी पुण्यात हमाल पंचायत उभी राहिली, मुंबईत माथाडी कामगार उभे राहिले, तेव्हा १९६९ चा माथाडी कायदा झाला. त्याच्याआधी हमालालाही असेच सांगत, “धर एवढे आज, उद्या बघू.” तुझ्या मुलीची पिढी अजून त्याच्याआधीच्या काळात उभी आहे.

आपल्या भागातून ऊसतोडीला जोड्या जातात. त्यांचे हाल मी येथे सांगत बसत नाही. उचलीच्या दोरात पाय कसा अडकतो, ते आपण जाणता. परंतु ती जोडी टनाचा भाव ऐकून घर सोडते, आणि संघटना लढल्या की भाव वाढतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली. उलट आमचा बी.ए. झालेला मुलगा भाव न विचारता पुण्याच्या गाडीत बसतो. भाव विचारला तर आपल्या कलेवरच्या निष्ठेविषयी शंका घेतील, अशी त्याला भीती वाटते. ही भीती कोणाच्या फायद्याची आहे, याचा त्याने विचार करावा.

काही सज्जन म्हणतील, सुरुवातीला उमेदवारी करावीच लागते. खरे आहे. सुतारानेही केली, शिंप्यानेही केली. परंतु उमेदवारी म्हणजे फुकट राबणे नव्हे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याने शिकणाऱ्याला विद्यावेतन ठरवून दिले आहे. शिकविणारा रोज दोन तास शेजारी बसत असेल, तर ती उमेदवारी. शिकविणारा कोणीच नाही, आणि केलेले काम गिऱ्हाईकाला विकले जात आहे, तर ती मजुरी. तिचा दाम मिळालाच पाहिजे.

यात केवळ एका मुलीचे भाडे थकले एवढाच प्रश्न नाही. वर्षभर फुकट काम कोणाला परवडते? ज्याचे घर पुण्यात-मुंबईत आहे, ज्याचा बाप महिन्याला पैसे पाठवू शकतो, त्याला. हमालाची मुलगी आठ महिन्यांत परत येते. म्हणजे फुकटाची ही चाळण गुणांची निवड करीत नाही; ती ऐपतीची निवड करते. आणि चाळणीच्या वर जे राहतात, तेच उद्या आपल्या गोष्टी सांगतात. तुळजापूरच्या गोंधळ्याची, आराध्यांची, तेरच्या कुंभाराची आणि पाण्याच्या टँकरमागे धावणाऱ्या बाईची गोष्ट, हे गाव कधी न पाहिलेला माणूस लिहितो आणि आपण म्हणतो, आमची भाषासुद्धा नीट आली नाही. ती कशी येणार? ती जिच्या तोंडात होती, तिला आपण परतीच्या गाडीत बसविले.

गुण येथे कमी आहेत असे कोणी समजू नये. शाहीर अमर शेख शेजारच्या बार्शीचे. गिरणीत राबलेला माणूस, आणि त्याच्या आवाजाने संयुक्त महाराष्ट्राची मैदाने हलविली. नागराज मंजुळे आपल्या परंड्याच्या सीमेला लागून असलेल्या करमाळ्याच्या जेऊरचे. मराठी घेऊन एम.ए. झाले, नंतर नगरच्या महाविद्यालयात संवादशास्त्र शिकताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे २०१३ चा ‘फँड्री’ आणि २०१६ चा ‘सैराट’ आपण जाणताच. २०१७ साली नाट्यसंमेलन आणि २०२० साली साहित्यसंमेलन आपल्या या गावी भरले. रसिकता आहे, गुण आहेत. कमी आहे ती हिशेबाची सवय.

तेव्हा मुलांना मी काही रोखठोक गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट कागदाची. काम काय, किती दिवसांचे, पैसे किती आणि कधी, नाव कोठे येणार, हे लिहून घ्यावे. करार करणार नाहीत तर तुम्ही स्वतः पत्र लिहा, “आपले असे असे बोलणे झाले,” आणि उत्तर मागा. दूरदर्शन मालिकांच्या धंद्यात तीन तीन महिन्यांनी पैसे देण्याचा रिवाज आहे. तो आधी ठाऊक असेल तर माणूस तीन महिन्यांची शिदोरी बांधून जातो. चित्रपट कामगारांसाठी १९८१ साली स्वतंत्र कायदा झाला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि तो कायदा त्यांतल्या एका संहितेत सामावला गेला. तिने ‘दृक्‌श्राव्य कामगार’ असे नाव दिले आहे आणि त्यात मालिका, जाहिराती, हलती चित्रे, महाजालावरील कार्यक्रम हे सारे धरले आहे. लेखी कराराशिवाय अशा कामगाराला कामावर ठेवू नये, असे त्यात म्हटले आहे. या संहितांतल्या पुष्कळ कलमांशी आम्हा संघटनावाल्यांचे भांडण आहे. परंतु हे कलम आपल्या उपयोगाचे आहे. ते पाठ करावे.

दुसरी गोष्ट हक्काची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याचा हक्क लेखी दिल्यावाचून दुसऱ्याकडे जात नाही. दिला, पण मुदत लिहिली नाही, तर तो पाच वर्षांपुरता. प्रदेश लिहिला नाही, तर भारतापुरता. म्हणून छापील करारात ‘सर्व हक्क, सर्व काळ, सर्व जग’ असे शब्द घालून ठेवतात. सही करण्यापूर्वी ते शब्द शोधावेत. मात्र दोन अपवाद ध्यानात धरा. नोकरीत राहून केलेल्या कामाचा हक्क सामान्यतः मालकाचा. आणि छायाचित्र, चित्र किंवा चित्रफीत कोणी पैसे देऊन करवून घेतली, तर वेगळे ठरले नसल्यास हक्क करवून घेणाराचा. गीतकार, संगीतकार आणि पटकथा लिहिणारे पुष्कळ वर्षे झगडले, तेव्हा २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटगृहाबाहेर त्यांची कृती वापरली गेली तर मानधनातला त्यांचा वाटा आता कोणी सहीने काढून घेऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट थकबाकीची. मालक तुम्हाला कामगार म्हणावयास तयार नसतात. ‘तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक’ असे गोड बोलतात. ठीक आहे. मग व्यावसायिकाचाच कायदा लावू. स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने सूक्ष्म उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी करावी; ती फुकट होते. २००६ च्या कायद्याप्रमाणे अशा नोंदलेल्या उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत दिले पाहिजेत. न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते आणि दाद मागण्यासाठी परिषद आहे. बोट त्यांनीच दाखविले आहे. आपण ते धरावे.

चौथी गोष्ट पोटाची. नोकरी धरून कला करण्यात कमीपणा नाही. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, पुढे शिक्षक झाले आणि कवीही राहिले. पुण्याला जाण्यापूर्वी सहा महिन्यांचा खर्च मांडावा. तो हाती नसेल तर आणखी एक वर्ष येथेच मिळवावे आणि मग जावे. उशीर झाला म्हणून कला रागावत नाही. भाडे थकले की घरमालक रागावतो.

पाचवी गोष्ट संघटनेची, आणि ती सर्वांत मोठी. एकट्याने भाव मागितला की मालक दुसऱ्याला बोलावतो. दहा जणांनी एकच भाव सांगितला की त्याला बसून बोलावे लागते. मुंबईत पटकथा लेखकांची संघटना आहे, कॅमेरावाल्यांच्या, संकलकांच्या, रंगभूषाकारांच्या संघटना आहेत. त्यांचे सभासद व्हा. त्यांत दोष दिसले तर आत जाऊन भांडा. अमेरिकेतील चित्रपटलेखकांनी २०२३ मध्ये १४८ दिवस संप केला. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे आपले लेखन गिळून आपल्यालाच घरी बसवितील, हा त्यांच्या भांडणाचा एक मुद्दा होता, आणि त्यावर त्यांनी करारात बंधने घालून घेतली. ते यंत्र आता आपल्याकडेही आले आहे. आवाज देणाऱ्या मुलाचा आवाज एकदा टिपला की पुढचे काम यंत्राकडून उरकता येते. ‘माझा आवाज, माझा चेहरा माझ्या संमतीवाचून यंत्राला देऊ नये’ ही ओळ आजपासून प्रत्येक कागदात घातली पाहिजे. एकट्याने घातली तर ती खोडतील. सर्वांनी घातली तर ती रिवाज होईल.

हे सारे मुलांना सांगितले. आता, श्रोतेहो, आपल्याकडे वळतो. कारण मालक केवळ पुण्या-मुंबईतच असतात असे नाही. आपणही मालक आहोत. लग्नाची पत्रिका कोणाकडून काढून घेतो? “आपल्या शेजारचाच पोरगा आहे, दोन मिनिटांचे काम,” असे म्हणून. जयंतीला शाहीर बोलावतो, मांडववाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला आणि आचाऱ्याला रोख देतो. शाहिराला शाल, श्रीफळ आणि टाळ्या देतो. ‘मानधन’ हा आपला शब्द मोठा सुरेख आहे. त्यात मान आधी आणि धन नंतर. आपण पहिले अर्धे वाचतो आणि पान उलटतो. शाल अंगावर घेता येते. ती दळणाला देता येत नाही.

जुने लोक याबाबतीत आपल्यापेक्षा शहाणे होते. गोंधळ घालावयाचा तर सुपारी आधी ठरे, बिदागी रात्रीच हाती पडे. गोंधळ्याशी घासाघीस करीत असतील; पण त्याचे काम फुकटचे आहे असे कोणी म्हणत नसे. तो देवीचा माणूस होता आणि त्याला पोटही होते. दोन्ही गोष्टी गावाला एकाच वेळी ठाऊक होत्या. पदवी घेतलेल्या मुलीच्या बाबतीत आपण त्यातली एक गोष्ट विसरलो.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. या गावातील प्रत्येक मंडळाने, शाळेने आणि संस्थेने आपल्या अंदाजपत्रकात लेखक, चित्रकार, वादक आणि छायाचित्रकार यांच्यासाठी रक्कम धरावी, आणि वर्षाच्या हिशेबात ती छापावी. येथील कला करणाऱ्या पदवीधर मुलांनी एकत्र बसून आपल्या कामांचे किमान दर ठरवावेत आणि ते उघड लावावेत, आडतीवर हमालीचे लागतात तसे. जागा आणि फळा आमच्या कचेरीत मिळेल. आणि आईबापांनी मुलगी संकलन शिकते म्हणाली, तर गप्प बसू नये आणि एकदम नाहीही म्हणू नये. तिला विचारावे, “काम कोणाकडे? कागद झाला का? पैसे कधी?” हे प्रश्न विचारणारा बाप तिच्या कलेचा शत्रू नसतो. तो तिचा पहिला युनियनवाला असतो.

जाता जाता एक. व्याख्याते पुष्कळदा आपले मानधन संस्थेला परत करतात आणि टाळ्या घेतात. त्यांचा मी आदर करतो. परंतु आज मी तसे करणार नाही. मी पाकीट घेणार आहे आणि पावतीवर सही करणार आहे, म्हणजे माझ्यामागून या व्यासपीठावर जो तरुण गायक किंवा लेखक येईल, त्याला हात पुढे करताना संकोच वाटू नये.